आभाळातली चाकोरी



२०१५ चा पावसाळा आपल्यापैकी कोणी विसरला असेल असे वाटत नाही. आदले वर्ष तुटीचे गेलेले. त्या साली जूनमध्ये पावसाने थोडी आशा दाखवली, पेरण्या झाल्या, आणि जुलैत त्याने जी दडी मारली ती मारलीच. ऑगस्टमध्ये सरकारने औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विमानतळावरून मराठवाड्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग सुरू केला. त्यासाठी 'किंग एअर' जातीचे एक लहानसे, दोन पंख्यांचे विमान आणले होते. २०१९ साली असा प्रयोग पुन्हा झाला. दुष्काळात आभाळाकडे पाहण्याची सवय आपल्याला पिढ्यान् पिढ्यांची आहे. पण ढगाच्या मागे लागलेल्या विमानाकडे पाहण्याची वेळ नवीनच होती. पाऊस किती पडला आणि त्यातला विमानामुळे किती, हा वाद अजून चालू आहे. तो आपण बाजूला ठेवू. आज बोलायचे आहे ते त्या विमानाला हाकणाऱ्याविषयी.

हाकणारा म्हणजे वैमानिक, हे खरेच. पण अशा विमानात आणखी एक हाकणारा असतो. तो पगार घेत नाही, जेवत नाही, पेंगत नाही. त्याला ऑटोपायलट म्हणतात. विमानाला आपोआप सरळ आणि ठरल्या दिशेने नेणारे यंत्र. मोठ्या प्रवासी विमानांत ते असते हे आपण ऐकून आहोत. पण चार-सहा माणसांच्या लहान विमानांतही ते पुष्कळ वर्षांपासून बसवले जाते, आणि धोका तिथे अधिक आहे. कारण लहान विमानात वैमानिक बहुधा एकटा असतो.

हे यंत्र करते तरी काय, ते समजायला फार लांब जायला नको. आपल्या काळ्या रानातली गाडीवाट डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्यात ओल्या काळीत चाके रुतून दोन खोल चर पडतात, आणि दिवाळीनंतर उन्हाने ते दगडासारखे घट्ट होतात. हीच चाकोरी. मानवतच्या बाजारात कापूस घालून रात्री परतणारा गाडीवान एकदा का गाडी चाकोरीला लागली, की कासरा सैल सोडून घोंगडीत खुशाल झोपी जाई. चाकांना वाट चाकोरी दाखवी, बैलांना घर ठाऊक असे. पहाटे डोळे उघडावेत तो गाडी दारात. आता कोणी म्हणेल, मग ऑटोपायलट वाईट कसा? गाडीवान झोपत होताच की! पण जरा विचार करा. वाटेत ओढ्याला पाणी आले असेल तर बैल काय करी? थबके. फुरफुरे. जू हलले की गाडीवानाची झोप मोडे. बैल जिवंत असतो, त्याला स्वतःच्या जिवाचे भय असते. आभाळातली चाकोरी पाडणाऱ्या यंत्राला भय नाही. ते थबकत नाही. पुढे खड्डा असला तरी 'मालक, उठा' असे सांगण्याची त्याची रीत फार उशिराची असते. हा भेद लक्षात ठेवा, म्हणजे पुढचा सारा इतिहास उलगडेल.

या यंत्राचा जीव आहे भोवऱ्यात. शिक्षकमित्रांनी वर्गात मुलांना जरूर दाखवावे: भोवरा फिरत असतो तोवर उभा राहतो, त्याला बोटाने ढकलले तरी आपला आस सोडायला तयार नसतो. १८५२ साली फुको नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने या गुणाचा उपयोग करून पृथ्वीचे फिरणे दाखवले आणि त्या भोवऱ्याला जायरोस्कोप हे नाव दिले. पुढे अमेरिकेतील एल्मर स्पेरी याने तो भोवरा जहाजांत बसवला. आणि त्याचा मुलगा लॉरेन्स स्पेरी याने तो विमानात नेला.

१८ जून १९१४. पॅरिसजवळ बझाँ येथे सीन नदीच्या काठी सुरक्षित विमानांची स्पर्धा चालू होती. एकवीस वर्षांचा लॉरेन्स पाण्यावर उतरणारे एक छोटे विमान घेऊन आला. परीक्षकांच्या समोरून जाताना तो आपल्या जागी उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले. विमान सरळ चालले होते. पुढच्या फेरीत त्याचा जोडीदार एमिल काशँ पंखावर चालत निघाला! एका पंखावर माणसाचे वजन आले म्हणजे विमान त्या अंगाला कलंडायला हवे. ते कलंडले नाही. आतल्या भोवऱ्यांनी कल ओळखला आणि विमानाच्या पंखांवरच्या फळ्या आपोआप हलवून तो सावरला. लॉरेन्सला पन्नास हजार फ्रँकचे बक्षीस मिळाले. काही आठवड्यांतच पहिले महायुद्ध पेटले आणि लोकांचे लक्ष दुसरीकडे गेले. लॉरेन्स स्पेरी फार जगला नाही. १३ डिसेंबर १९२३ रोजी आपल्या चिमुकल्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडायला तो एकटा निघाला आणि समुद्रात बुडाला. त्याला एकतिसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

पंखावर चालणाऱ्या माणसाची ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात, आणि ती आहेच कौतुकाची. पण मला तिच्यात एक दुसरी गोष्ट दिसते. पंखावर माणूस उभा आहे हे यंत्राला कळले नाही. त्याला फक्त एवढेच कळले की विमान कलंडू पाहते आहे, तेव्हा उलट जोर लावावा. वजन कशाचे, ते आणखी वाढणार की काय, हे विचारणे त्याच्या कामात नाही. पंखावर माणूस असो की बर्फ असो, ते मुकाट जोर लावत राहणार.

स्पेरीच्या यंत्राने पुढे जे नाव कमावले ते वायली पोस्टमुळे. हा अमेरिकन वैमानिक एका डोळ्याने अधू होता. जुलै १९३३ मध्ये त्याने एकट्याने विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ७ दिवस १८ तास ४९ मिनिटांत. जोडीला होते स्पेरीचे यंत्र. पण त्याने त्या यंत्रावर विसंबून अंग टाकले नाही. सांगतात की तो बोटाला दोरी बांधून तिच्या टोकाला एक पाना अडकवी आणि तो हातात धरून बसे. डुलकी लागली, मूठ सैल झाली, की पाना खाली पडून बोटाला हिसका बसे. शिवाय वाटेत ते यंत्रच बिघडले आणि उतरून त्याची दुरुस्ती करावी लागली. नवीन यंत्राचा पहिला मोठा गडी, आणि त्याचा भरवसा यंत्राइतकाच पान्यावर!

त्याच्या आदल्याच वर्षी आपल्याकडे, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. पस मॉथ जातीचे एका इंजिनाचे विमान. असले काही यंत्र त्यात नव्हते. सारा रस्ता दांडा हातात, नजर बाहेर. उजेड आणि उघडे आकाश हाच त्यांचा आधार.

उजेड आणि उघडे आकाश नसेल तेव्हा काय होते, ते कळले म्हणजे ऑटोपायलटची गरजही कळते. नुसती निंदा करून चालणार नाही. आपल्या बायकामुली नागपंचमीला, मंगळागौरीला फुगडी घालतात. फुगडी एकदम थांबली की जमीन गरगर फिरते आहे असे वाटते. का बरे? आपल्या कानाच्या आत तीन बारीक वळणदार नळ्या आहेत, त्यांत पाणी असते. आपण फिरू लागलो की ते पाणी मागे राहते आणि मेंदूला फिरल्याची वर्दी जाते. पण एकाच वेगाने फिरत राहिलो तर थोड्या वेळाने पाणीही बरोबर फिरू लागते आणि वर्दी बंद होते. थांबलो की पाणी तसेच पुढे जाते आणि खोटी वर्दी देते. जमिनीवर डोळे ही चूक दुरुस्त करतात. ढगात शिरलेल्या वैमानिकाला डोळ्यांचा उपयोग नाही. विमान हळूहळू एका अंगाला कलते, नाक खाली जाते, वेग वाढतो, आणि त्याचे कान त्याला सांगत असतात की सगळे ठीक आहे.

१९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने वीस वैमानिकांवर याचा प्रयोग केला. केवळ आतल्या तबकड्या पाहून उडण्याचे शिक्षण त्यांना नव्हते. प्रत्यक्ष विमानात, शेजारी जाणता शिक्षक बसवून, बाहेरचे दृश्य त्यांच्यापुरते झाकले. वीसच्या वीस जणांच्या हातून विमानाचा तोल गेला. सरासरी वेळ लागला १७८ सेकंद. तीन मिनिटेसुद्धा नाहीत! म्हणून लहान विमानांत आपोआप पंख समतोल ठेवणारे यंत्र बसवू लागले तेव्हा त्याचे स्वागत झाले, ते योग्यच होते. चुकून ढगात सापडलेल्या कितीतरी लोकांचे प्राण अशा यंत्राने वाचले असतील.

पण मग त्या यंत्रालाच कोणी खोटी वर्दी दिली तर?

याचे उत्तर मुंबईच्या समुद्रात मिळाले. १ जानेवारी १९७८, रात्री सव्वाआठचा सुमार. एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे जंबो जेट सांताक्रूझहून दुबईला निघाले. विमान मोठे, वैमानिक हजारो तास उडालेले. समुद्रावर येताच सगळीकडे काळोख. आकाश कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते ते दिसत नाही. अशा वेळी वैमानिकाचा आधार म्हणजे समोरची एक तबकडी. तिच्यात भोवऱ्याच्या साह्याने एक आडवी रेघ दाखवलेली असते, तीच त्याची क्षितिजरेषा. विमान किनाऱ्यावर थोडे उजवीकडे वळून पुन्हा सरळ झाले, पण मुख्य वैमानिकासमोरची ती तबकडी उजव्या कलावरच अडकून राहिली. तबकडी म्हणते विमान उजवीकडे कलले आहे, म्हणून वैमानिकांनी ते डावीकडे वळवले. तबकडी तरीही तेच म्हणते, म्हणून आणखी डावीकडे. सहवैमानिकासमोर दुसरी तबकडी होती. तिसरी एक मध्ये होती. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरने त्या दुसऱ्या तबकडीकडे पाहा असे सुचवलेही, पण तेव्हा वेळ निघून गेली होती. विमान जवळजवळ आडवे होऊन वांद्र्याच्या किनाऱ्यापासून तीनएक किलोमीटरवर पाण्यात कोसळले. धावपट्टी सोडून पुरती दोन मिनिटेही झाली नव्हती. २१३ माणसे गेली, एकही वाचले नाही.

त्या वेळी विमान माणसाच्या हातात होते, ऑटोपायलटच्या नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरी ही दुर्घटना मी मुद्दाम सांगितली. माणसाने एका तबकडीवर विसंबून जे केले, तेच लहान विमानातला ऑटोपायलट रोज करत असतो. त्याला एकच तबकडी दिसते. तिघांच्या जागी तिथे एक माणूस असतो, आणि मागून सुचवणारा कोणी नसतो.

आता हे थोडे खोलात जाऊन पाहू. पुष्कळशा जुन्या लहान विमानांत क्षितिज दाखवणारा भोवरा हवेच्या झोताने फिरतो. तो झोत निर्माण करायला इंजिनावर चालणारा एक हवा ओढणारा पंप असतो. हा पंप बहुधा कुरकुर न करता, पूर्वसूचना न देता, एकाएकी मोडतो. पण भोवरा एकाएकी थांबत नाही. मुलांना विचारा, भोवरा मरताना कसा मरतो? आधी वेग मंदावतो, मग तो झुलू लागतो, मग हळूहळू एका कुशीवर येतो. विमानातला भोवराही तसाच मरतो, कित्येक मिनिटे घेतो. तबकडीतली रेघ अगदी सावकाश तिरकी होऊ लागते.

ऑटोपायलट जर त्याच भोवऱ्याकडून वर्दी घेत असेल, तर तो काय करील? रेघ तिरकी झालेली त्याला मुळीच खपत नाही. तो ताबडतोब विमान वळवून रेघ पुन्हा सरळ करतो. म्हणजे तबकडीत सगळे समतोल दिसते, आणि बाहेर ढगात विमान कलत चाललेले असते! यंत्र बिघडले असते तर वैमानिक सावध झाला असता. इथे यंत्र आपले काम अगदी चोख करत आहे, फक्त खोट्या साक्षीवर. वैमानिक नकाशा पाहत असेल, रेडिओवर बोलत असेल, तर त्याला पहिली जाणीव होते ती वाऱ्याच्या वाढत्या आवाजाने, वेगाचा काटा पुढे सरकलेला पाहून. तोवर विमान गिरक्या घेत खाली निघालेले असते.

याला उपाय काय? गावात तंटा झाला तर आपण एकाच साक्षीदारावर निकाल देत नाही. विमानातही दुसरा साक्षीदार असतो: वळण दाखवणारी एक निराळी तबकडी, तिचा भोवरा बहुधा विजेवर फिरतो. शिवाय होकायंत्र, उंचीचा काटा, वेगाचा काटा. एक म्हणतो सरळ आहोत आणि होकायंत्र म्हणते वळतो आहोत, तर कुणीतरी खोटे बोलत आहे. काही कारखान्यांनी तर ऑटोपायलटलाच त्या विजेवरच्या तबकडीशी जोडून दिले, म्हणजे पंप मोडला तरी तो फसू नये. अलीकडच्या विमानांत फिरते भोवरे जाऊन विजेची उपकरणे आली आहेत. त्यांत हा दोष पुष्कळ कमी झाला. पण जुनी विमाने तीसतीस, चाळीसचाळीस वर्षे उडत राहतात. आपली एस. टी. नाही का!

बर्फाची गोष्ट याहून निराळी, आणि ढगाच्या मागे जाणाऱ्या विमानाशी तिचा थेट संबंध आहे.

परभणीत मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. आपल्या आभाळात बर्फ कुठला, असे कुणालाही वाटेल. पण पावसाळ्यात आपल्या डोक्यावर सुमारे पाच किलोमीटर गेले की तापमान शून्याला येते. त्याच्याही वर उंच ढगांत पाण्याचे असे थेंब असतात की जे शून्याच्या खाली जाऊनही गोठलेले नसतात. गोठायला त्यांना काहीतरी आधार हवा असतो. कृत्रिम पावसाच्या प्रयोगात सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडतात ते याच थेंबांना आधार म्हणून. आता गंमत अशी की त्या थेंबांना सिल्व्हर आयोडाइडच पाहिजे असे नाही. विमानाचा पंखही चालतो. पंखाला थेंब लागला की तिथेच त्याचा बर्फ होतो. म्हणजे जे ढग आपल्या उपयोगाचे, तेच विमानाला घातक.

किंग एअरसारख्या विमानांच्या पंखांच्या कडेला रबरी पट्टे असतात. त्यांत हवा भरून ते फुगवले की बर्फ तडकून उडून जातो. पण थेंब मोठे असले तर ते पट्ट्यांच्या मागे वाहत जाऊन गोठतात, आणि तिथला बर्फ निघत नाही. पंखाची घडण बिघडते. विमान जड होते, वेग घटतो, एका अंगाला ओढू लागते. दांडा हातात असेल तर ही ओढ मनगटाला कळते. नांगर धरणाऱ्याला फाळ दगडाला लागल्याचे जसे हातात कळते, अगदी तसे. ऑटोपायलट चालू असेल तर मनगट मोकळे असते. यंत्र ओढीच्या उलट जोर लावते, आणखी ओढ, आणखी जोर. त्याची ताकद संपते तेव्हा ते एकदम हात काढून घेते.

हे नुसते तर्काने सांगत नाही. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत रोझलॉन गावाजवळ एटीआर जातीचे, दोन पंख्यांचे विमान उतरण्याची पाळी येईपर्यंत ढगात घिरट्या घालत होते, ऑटोपायलटवर. पट्ट्यांच्या मागे बर्फाची वरंबी साचली. एका क्षणी पंखाची फळी आपण होऊन एका बाजूला ओढली गेली, ऑटोपायलट सुटला आणि विमान कुशीवर फिरले. ६८ जण मेले. ९ जानेवारी १९९७ रोजी मन्रो गावाजवळ एम्ब्रेअर जातीच्या त्याहून लहान विमानाचे तसेच झाले. बर्फामुळे वेग घटत होता, विमान डावीकडे कलत होते, आणि ऑटोपायलट उजवीकडे जोर लावत ते सावरत होता. शेवटी त्याने हात टेकले. वैमानिकांच्या हाती विमान आले ते कलंडलेलेच. २९ जण गेले. १९९६ सालीच अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने अशा पट्टेवाल्या अनेक विमानांच्या पुस्तिकांत दुरुस्ती करायला लावली होती: बर्फ बेसुमार जमण्याची चिन्हे दिसली की ऑटोपायलट वापरू नये, दांडा हातात घ्यावा.

आणखी एक खोड सांगतो, ती एकट्या वैमानिकाला फार भोवते. गाडीत मागे जास्त ओझे भरले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. विमानालाही असा पुढचा-मागचा तोल असतो, आणि शेपटीवरची एक लहान पट्टी फिरवून तो साधतात. बऱ्याच ऑटोपायलटना ही पट्टी फिरवण्याचा अधिकार दिलेला असतो. समजा, ऑटोपायलट चालू आहे हे विसरून वैमानिकाने दांडा पुढे दाबला. यंत्राला वाटते विमान उगाच नाक खाली करते आहे. ते पट्टी उलट फिरवते. वैमानिक आणखी दाबतो, यंत्र आणखी फिरवते. दोन बैल दोन दिशांना ओढताहेत, आणि दोघांनाही वाटते की समोरचा मस्तीला आला आहे! वैमानिक दमतो, किंवा यंत्र सुटते, आणि ती साचलेली सारी उलाळ एकदम नाक आभाळाकडे फेकते. जमिनीजवळ हे घडले तर सावरायला जागा नसते.

आपल्या देशात यंत्रावर भिस्त ठेवण्याचा मोठा धडा मिळाला तो १४ फेब्रुवारी १९९० रोजी. मुंबईहून बंगलोरला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० विमान भर दुपारी, स्वच्छ उजेडात, धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ पैकी ९२ माणसे दगावली. ही नवी, संगणकावर चालणारी विमाने आपल्याकडे येऊन वर्षही झाले नव्हते. उतरताना इंजिनांचा जोर सांभाळणारे यंत्र 'मंद' या आज्ञेवर राहिले होते. वेग कमी कमी होत गेला. यंत्र वेग सांभाळील या समजुतीत दोघांपैकी कुणाचेही वेगाच्या आकड्याकडे वेळेत लक्ष गेले नाही. ते विमान लहान नव्हते, पण पुढे संगणकाचे तेच पडदे, तीच बटणे एका इंजिनाच्या विमानांतही आली. आज बारामतीसारख्या ठिकाणी विमानविद्या शिकायला जाणारी आपली मुलेमुली अशा पडद्यांसमोर बसतात. यंत्राला आपण कोणती आज्ञा दिली आहे, आणि ते प्रत्यक्षात काय करते आहे, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे त्यांना पहिल्या दिवसापासून शिकावे लागते.

कायदाही या यंत्राला किती मान देतो पाहा. अमेरिकेत भाड्याने उतारू नेणाऱ्या, नऊ किंवा कमी आसनांच्या विमानात दोन वैमानिकांची गरज असते तिथे खास परवानगी घेऊन दुसऱ्या वैमानिकाऐवजी ऑटोपायलट चालतो. खर्चाच्या दृष्टीने ते सोयीचे असेल. पण मला हा हिशेब पटत नाही. दुसरा वैमानिक निदान म्हणू तरी शकतो, की साहेब, तुमची तबकडी आणि माझी तबकडी जुळत नाही. दुसरीकडे त्याच देशाच्या त्याच खात्याने जानेवारी २०१३ मध्ये विमानकंपन्यांना सूचना धाडली, की वैमानिकांना जमेल तेव्हा हाताने विमान चालवू द्या, नाहीतर हातातली कला जाते. पोहणे एकदा आले की जात नाही म्हणतात. विमान हाकण्याचे तसे नाही. वर्षभर तबकड्यांवर नजर फिरवली नाही तर नजर बोथट होते.

शहाणे वैमानिक काय करतात ते सांगतो आणि थांबतो. उड्डाणापूर्वी, विमान जमिनीवर असतानाच, ते ऑटोपायलट लावतात. मग दांडा हाताने ढकलून पाहतात: यंत्राच्या जोरावर आपला जोर चालतो की नाही. मग दांड्यावरचे तांबडे बटण दाबतात: यंत्र खरोखर सुटते का. तेही न चालले तर ज्या खटक्याने त्याची वीज तोडायची, तो खटका डोळे मिटून हाताला सापडतो का, हे चाचपून पाहतात. पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीच्या खाली ते यंत्र लावत नाहीत. आणि वर गेल्यावर, ढगात असताना, दर थोड्या वेळाने ते सोडून विमान पाच मिनिटे हाताने चालवतात, पंखांवर काही साचले असेल तर मनगटाला कळावे म्हणून. जमिनीवरच्या या साऱ्या तपासणीला दोन मिनिटे लागतात.